एकोणीस नोंदी, रिमार्क निरंक

जानेवारीतला पहिला रविवार, सकाळचे सव्वादहा. रक्कम नव्वद रुपये. हजर: पावर हाउस भागातल्या बाजारातले स्टेशनरीवाले लालाजी, आमच्या समोरच्या क्वार्टरमधले वानखेडे काका आणि मी. कामकाज: एका रजिस्टरची खरेदी.

नव्वद रुपयांच्या रजिस्टरला साक्षीदार लागत नाही हे मलाही कळतं. वानखेडे काकांच्या रजिस्टरला लागतो. दुकानात उभ्याउभ्या ते त्याची दोनशे पानं मोजतात. बोटाला थुंकी लावत नाहीत. ओल्या स्पंजची डबी घरून आणतात. मागे गिऱ्हाइकं खोळंबतात, कुणाचं पेन, कुणाचा आलेख कागद. लालाजी दरवर्षी म्हणतात, "दादा, कंपनी गिनके भेजती है." आणि काका दरवर्षी मान वर न करता म्हणतात, "कंपनी ने गिना होगा. मैंने नहीं गिना." एका वर्षी एकशे अठ्ठ्याण्णव भरली. ते रजिस्टर परत गेलं, दुसरं आलं, त्याचीही मोजणी झाली. नंतर पहिल्या पानावर लिहायचं: पाने दोनशे. मोजणार वानखेडे. साक्षीदार गुल्हाने. गुल्हाने म्हणजे मी. इथल्या पोलादाच्या प्लांटच्या पगार विभागात माझी सत्तावीस वर्षं गेली, तेव्हा मोजणीखाली सही करायला मला कमीपणा वाटत नाही. अशा अकरा सह्या मी केल्या. बाराव्या सहीची वेळ आली नाही, त्याची ही हकिगत.

काका ब्लास्ट फर्नेसच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. तिथे प्रत्येक शिफ्टचं लॉगबुक असतं. किती वाजता काय झालं ते लिहायचं, शेवटी रिमार्कचा रकाना, खाली सही, आणि पुढच्या शिफ्टच्या हवाली करायचं. काका निवृत्त झाले, लीजवर तेच क्वार्टर घेतलं, आणि आमच्या सडकेचं लॉगबुक लिहू लागले. सडकेवर दोन्ही बाजूंची मिळून बावीस क्वार्टर. काका सकाळी सहापासून फाटकाजवळ लोखंडी खुर्चीवर बसतात, मांडीवर रजिस्टर, समोरच्या कठड्यावर टेबलघड्याळ.

काही नोंदी देतो.

"6:10. पाणी आलं. धार बारीक."

"9:05. गुल्हाने बाहेर. 9:08 परत. डबा विसरले. 9:09 बाहेर."

"11:30. गॅसची गाडी. पाच सिलिंडर. चार उतरले."

"8:14. मी घसरून पडलो. 8:15 उठलो."

या शेवटच्या नोंदीपुढेही रिमार्कच्या रकान्यात तोच एक शब्द होता, जो अकरा वर्षांत प्रत्येक नोंदीपुढे असे: निरंक.

मी म्हटलं, "काका, गुडघा फुटला तुमचा. काहीतरी लिहा."

"काय झालं ते लिवाचं, भाऊ," ते म्हणाले. "कावून झालं ते लिवणं ऑपरेटरचं काम नाई. त्याच्यासाठी इंजिनिअर असते. आपण रिमार्क भरला का भांडण सुरू."

सडक त्यांना हसायची आणि त्यांच्यावाचून तिचं चालतही नसे. दूधवाला म्हणाला मी मंगळवारी आलो होतो, की चला वानखेड्यांकडे. एका लग्नात नवरदेवाकडचे म्हणाले, वरात वेळेवर पोचली होती. काकांनी रजिस्टर उघडलं, सत्तेचाळीस मिनिटं उशीर निघाला, आणि मुलीच्या बापाने मांडवात मान ताठ केली. माझी बायको मालती तर थेट विचारायची, "काका, हे काल किती वाजता आले?" मी साडेसहा सांगितलेलं असे. काका पान उलटत. "सात बावीस." मी म्हणायचो, "ट्रॅफिक होतं." काका म्हणायचे, "ते तुमी तिले सांगा. माह्यापाशी रकाना नाई."

त्यांचं स्वतःचं म्हणाल तर मूलबाळ नाही. कुसुमकाकू एका दुपारी अचानक गेल्या, तेव्हा काका नोकरीत होते. पुण्याचा एक पुतण्या महिन्याकाठी फोन करायचा. तो विचारी, "काका, कसे आहात?" काका सांगत, "सहा दहाले पाणी आलं." पुतण्या म्हणे, "बरं." संपलं.

आता मूळ गोष्ट.

महापालिकेची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात एका पक्षाचं तिकीट मागणारे दोन जण. एक मुन्ना भैया, मंडप आणि खुर्च्यांचा धंदा, जुनवानीकडे प्लॉट, सगळ्यांशी गोड. दुसऱ्या आमच्याच सडकेवरच्या शोभाताई ढोके, काकांच्या डाव्या हाताला दुसरं क्वार्टर. नवरा दिलीप क्रेन ऑपरेटर, घरी सासरे आबाजी. रेशनकार्डात चूक असो की कुणाच्या पेन्शनचा कागद अडलेला असो, पंधरा वर्षं या बाईने लोकांबरोबर खिडक्यांपुढे रांगा लावल्या. बदल्यात तिने आजवर काही मागितलं नव्हतं. हे तिकीट पहिल्यांदा मागितलं. पक्षाने ठरवलं की वॉर्डातल्या कार्यकर्त्यांची रायशुमारी घ्यायची. म्हणजे रायपूरहून पर्यवेक्षक येणार, कार्यकर्ते चिठ्ठीवर नाव लिहिणार, ज्याच्या चिठ्ठ्या जास्त त्याचं नाव वर जाणार. सगळे म्हणत होते, शोभाताईच.

त्याच सुमारास आमच्या सडकेच्या पाण्याची वेळ बिघडली. मी तक्रार लिहीत होतो. मुन्ना भैया एका संध्याकाळी घरी आले, पोह्यांची तारीफ केली आणि म्हणाले, "गुल्हाने जी, दो महीने का टाइम निकाल के दे दो. मैं खुद साहब की टेबल पर रखूँगा."

मी काकांकडून रजिस्टर मागून घेतलं. ते म्हणाले, "न्या. पान मुडपू नका." मला फक्त पाण्याच्या ओळी उतरवून द्यायच्या होत्या. अर्ध्या तासाचं काम. पण माझा नोकरीतला एक नियम आहे, तो मी नव्या पोरांनाही शिकवतो: उतारा हा पुरावा नसतो, अख्खं पान हा पुरावा असतो. उताऱ्यात लिहिणारा आपल्या सोयीचं तेवढं उचलतो. म्हणून मी दोन महिन्यांची सगळी पानं मोबाइलवर काढली आणि सगळीच्या सगळी मुन्ना भैयांना पाठवली. पाठवून झाल्यावर पानांची संख्या पुन्हा जुळवून पाहिली. बरोबर होती.

रायशुमारीच्या आधीच्या गुरुवारी सकाळी प्रत्येक फाटकात एक पत्रक पडलं. दोन पानं, झेरॉक्स, कुणाचं नाव नाही, छापखाना नाही. पहिल्या पानावर काकांच्या अक्षरातल्या नोंदी कापून एकाखाली एक लावलेल्या, प्रत्येकीला लाल गोल.

"2:20. स्कूटर. पुरुष. ढोके यांच्याकडे. 3:05 गेला. रिमार्क निरंक."

अशा एकोणीस. दुसऱ्या पानावर त्या एकोणीस तारखांना दिलीप ढोकेची ड्यूटी: बी शिफ्ट, म्हणजे दुपारी दोन ते रात्री दहा. आणि सर्वांत वर एकच ओळ: "हम कुछ नहीं कह रहे. सिर्फ टाइम देखिए."

मी ते पत्रक तीनदा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. आणि एका नोंदीच्या कोपऱ्यात, पान दाबून धरलेला एक अंगठा आला होता. त्याचं नख काळं पडलेलं होतं. माझं नख आदल्या महिन्यात कपाटाच्या दारात सापडून काळं पडलं होतं.

मी काकांच्या फाटकाशी गेलो. त्यांच्या मांडीवर पत्रक होतं. ते म्हणाले, "अंगठा तुमचा हाय."

"काका, मी पाण्यासाठी..."

"मले माहीत हाय." त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं. "7:15. पत्रक पडलं. बावीस घरी." पुढे निरंक. मग त्यांनी टोपण लावलं आणि इतकंच म्हणाले, "फर्नेसच्या लॉगनं कोणी कोणाची अब्रू घेतली नवती, भाऊ."

मालतीने मला सरळ शोभाताईंकडे पाठवलं. शोभाताई आबाजींच्या खाटेजवळ होत्या. आबाजींचा उजवा पाय चादरीबाहेर होता, घोट्यापर्यंत पट्टी. खोलीत औषधाचा वास. मला तिथेच सगळं समजलं. साखरेने चिघळलेली जखम, रोज ड्रेसिंग लागत होतं, आबाजींना उचलून इस्पितळात नेणं शक्य नव्हतं. इस्पितळातला एक ड्रेसर सकाळची ड्यूटी दोनला सुटल्यावर येऊन पट्टी बदलून जात होता. येण्याजाण्याच्या पेट्रोलपलीकडे काही घेत नव्हता.

"ताई, हे सांगून टाका ना सगळ्यांना!" मी म्हणालो.

"अन् त्याले चार्जशीट भेटू द्या?" शोभाताई म्हणाल्या. "बाहेरचं काम कराची मनाई हाय त्याईले. दीड वर्ष राह्यलं त्याच्या रिटायरमेंटले. मले तिकीट पायजे म्हणून त्याची पेन्शन अडकवू का मी?"

आबाजी खाटेवरून म्हणाले, "माहा पाय कापून टाका लेकहो. कटकट मिटन."

"तुमी चूप बसा," सून म्हणाली, आणि पट्टीचं टोक खोचलं.

मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "गुल्हानेभाऊ, तुमी काई वाईट मनानं नाई दिलं. पण दिलं तुमीच ना."

डिसेंबरातल्या त्या रविवारी सामुदायिक भवनात रायशुमारी झाली. मी पक्षाचा नाही. पण हजेरीच्या यादीत घोळ नको म्हणून दोन्ही बाजूंनी मला यादी तपासायला बसवलं होतं. यादीत त्रेसष्ट नावं, हजर अठ्ठावन्न. आधी दोघांनी पाच पाच मिनिटं बोलायचं होतं. शोभाताई रस्ते, नळ आणि अंगणवाडीबद्दल बोलल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी घड्याळाकडे बघत मोठ्याने म्हणालं, "दो बीस हो गए क्या?" हशा झाला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, उरलेलं बोलल्या, खाली बसल्या. मुन्ना भैया उठले, हात जोडले. "बहनजी के बारे में मैं एक शब्द नहीं बोलूँगा. मेरी बड़ी बहन हैं." आणि खरंच बोलले नाहीत. गरजच नव्हती.

तेवढ्यात दारातून वानखेडे काका आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत रजिस्टर. निवृत्तीनंतर त्या वेळी मी त्यांना खुर्ची सोडून कुठे गेलेलं पाहिलं नव्हतं. पर्यवेक्षकांनी विचारलं, आप कार्यकर्ता हैं? काका म्हणाले, "नहीं. मैं लिखनेवाला हूँ. मेरे लिखने में गलती हुई."

मग ते त्यांच्या हिंदीत बोलले. स्कूटर ढोकेंकडे येत नव्हती, माझ्याकडे येत होती. तो माझा नातेवाईक. माझ्या फाटकाशी ऊन असतं म्हणून ढोकेंच्या लिंबाखाली लावायचा. मी सवयीने ढोके लिहिलं. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. प्लांटचा नियम असा की चुकलेली नोंद खोडायची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. एकोणीस नोंदींवर एकोणीस रेघा होत्या आणि एकोणीस सह्या.

मला वाटलं, जमलं.

पहिल्या रांगेतले साहूजी उठले. काकांबरोबर कंट्रोल रूममध्ये काम केलेले, भला माणूस, मनात काही वाकडं नाही. फार आदराने म्हणाले, "वानखेड़े जी, छब्बीस साल साथ में ड्यूटी की. आपकी एक एंट्री नहीं कटी. अफसर लोग आपका लॉग देखके घड़ी मिलाते थे. आज एकदम उन्नीस कट गईं?"

झालं. जो माणूस कधी चुकत नाही तो चुकलो म्हणाला, की लोकांना दुसरं काय कळणार? एवढा वानखेडे खोटं बोलायला आला, म्हणजे झाकण्यासारखं काहीतरी असलंच पाहिजे. मागून हसण्याचा आवाज वाढत पुढे आला. काकांचे कान लाल झाले. त्यांनी सगळीकडे पाहिलं आणि त्यांना टेबलाशी बसलेला मी दिसलो.

"गुल्हानेभाऊ साक्षीदार हाय," ते म्हणाले. "समोरच राह्यतात. विचारा त्याईले."

दरवर्षी पानं मोजल्यावर ते ज्या आवाजात माझ्यापुढे पेन धरत, तोच आवाज. अठ्ठावन्न माणसं माझ्याकडे वळली. शोभाताईंनी मात्र पाहिलं नाही, त्या मांडीवरच्या पर्सची चेन लावत होत्या. मला फक्त "हो" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "दोन ते तीन या वेळात मी ऑफिसात असतो. मी पाहिलेलं नाही."

हे खरं होतं. काकांनी मान हलवली, नोंद पुरी झाल्यावर हलवतात तशी. रजिस्टर बंद केलं आणि निघून गेले.

चिठ्ठ्या तिथेच मोजल्या. मुन्ना भैया तेहतीस, शोभाताई चोवीस, एक कोरी. एकूण अठ्ठावन्न. बेरीज मी तपासली.

घरी आल्यावर मालतीने ताट वाढलं. भात, वरण, आलूची भाजी. समोर बसली आणि म्हणाली, "खरं बोलले ना तुमी? आता तेच कालवून खा."

जेवण झालं नाही. मोबाइल काढून ती पानं पहिल्यापासून पाहू लागलो. पाठवताना मी पानं मोजली होती, नोंदी मोजल्या नव्हत्या. आता मोजल्या. दोन महिन्यांत स्कूटर आली सत्तावन्न वेळा. त्यांतल्या एकोणीस दिवशी दिलीप बी शिफ्टला. बाकीचे अडतीस दिवस तो घरी: सकाळची ए शिफ्ट करून येऊन जेवत असेल, रात्रीच्या सी शिफ्टची झोप काढत असेल, नाहीतर सुट्टी. सत्तावन्नात एकोणीस म्हणजे बरोबर एक तृतीयांश. शिफ्टा तीन. रोज येणारा कुणीही माणूस एक तृतीयांश दिवस बी शिफ्टमध्येच येणार. त्या सभागृहात निम्मे लोक प्लांटचे होते. हे गणित त्यांना बोटांवर समजलं असतं. ड्रेसरचं नाव निघालं नसतं, काकांना खोटं बोलावं लागलं नसतं. पाच चिठ्ठ्या इकडच्या तिकडे झाल्या असत्या तरी पुरे होतं. आकडे गुरुवारपासून माझ्या खिशात होते.

मी ते शोभाताईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता कोणाले सांगाचं, भाऊ? मोजणी झाली." मी पर्यवेक्षकांना एक पत्रही लिहिलं, आकड्यांच्या तक्त्यासकट. पोच आली नाही.

मुन्ना भैयांना तिकीट मिळालं आणि मुख्य निवडणुकीत ते पडले. दुसऱ्या महिन्यात पुन्हा मंडपाच्या गाडीबरोबर हिंडू लागले. भेटले की अजून म्हणतात, "गुल्हाने जी, वो पानी का काम हुआ क्या?"

काकांनी रजिस्टर बंद केलं. खुर्ची आत गेली, कठड्यावरचं घड्याळ गेलं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी पिशवी घेऊन साडेनऊपासून फाटकात उभा राहिलो. ते बाहेर आले नाहीत. दूधवाला आणि मालती यांचं दोन लिटरवरून भांडण झालं, ते मिटलंच नाही. मी उशिरा येऊन साडेसहा सांगू लागलो आणि मालती विचारेनाशी झाली. त्यात काही मजा उरली नव्हती.

पत्रक पडल्यापासून तो ड्रेसरही यायचा थांबला. घाबरला असणार. आबाजींच्या पायाचं काय होतं, ते मला मालतीकडून समजलं. दुपारी दोन वीसला वानखेडे काका ढोकेंकडे जात. पट्टी कशी बदलायची ते ड्रेसरच्या घरी मोहन नगरला सायकलने जाऊन शिकून आले होते, चार दिवस. कंट्रोल रूमची सगळी शिस्त त्यांनी त्या पायावर लावली. कापूस मोजून, औषध मापून, तीन पाचला हात धुऊन घरी. दिलीप घरी असो वा नसो. कुणी काही म्हणालं नाही. नोंद ठेवणाराच आत गेला होता.

मार्चमध्ये आबाजी गेले. दुपारची वेळ, दिलीप बी शिफ्टला. फोन लागून, सुट्टी मिळून, गेटमधून बाहेर पडून तो पोचला तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. मीही ऑफिसातून आलो होतो. मुन्ना भैयांच्या खुर्च्या आलेल्या होत्या. पैसे घेणार नाही म्हणून निरोप होता, बहनजी अपनी हैं. दिलीपने चप्पल काढली, बापाच्या पायाशी बसला आणि विचारलं, "किती वाजता?"

बायकांपैकी एक म्हणाली, चार वाजले असतील. दुसरी म्हणाली, चारच्या आधीच. शोभाताईंना काही आठवत नव्हतं. कोपऱ्यातून काका पुढे आले. हातात चिठ्ठी. "तीन बेचाळीस," ते म्हणाले. "आज तीन पाचले घरी गेलो नाई, पायापाशीच होतो. पाणी मागतलं, दोन घोट गेलं. मग तुह्यं नाव घेतलं. मग तीन बेचाळीस." दिलीपने ती चिठ्ठी घेतली आणि इतका वेळ दाबलेलं रडणं बाहेर आलं. मला वाटलं, रडायलाही कुठून सुरुवात करायची ते माणसाला माहीत असावं लागतं.

घाटावरून परतताना काका माझ्याबरोबर चालत होते. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. मी विचारलं, "काका, चिठ्ठी कशाला लिहिली?"

ते म्हणाले, "कुसुम गेली तवा मी बी शिफ्टले होतो. घरी आलो तं तिघाईनं तीन टाइम सांगतले. एक म्हणे चार. एक म्हणे साडेचार. एक म्हणे पाच वाजून गेले असन. त्या दिवशी फर्नेसमधे काय काय झालं, त्याचा मिनिट मिनिट लिवून होता माह्यापाशी. घरचा नवता."

मी हिशेबाचा माणूस. काका निवृत्त झाले त्याला आठ वर्षं. रजिस्टरवर माझ्या सह्या अकरा. निवृत्तीचा चाळा म्हणून मी ज्याला हसत होतो, ते निवृत्तीच्या तीन वर्षं आधी सुरू झालं होतं. पहिल्या तीन रजिस्टरांत जागोजागी "मी ड्यूटीवर, नोंद नाही" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. कुसुमकाकू कोणत्या वर्षी गेल्या तेही मला माहीत होतं. वजाबाकी करायचं कधी सुचलं नाही. आणि साडेचार ही वेळ आमच्या घरातून सांगितली गेली होती. मालतीने. अंदाजाने.

आबाजींची तेरवी झाली. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी मी फाटकाशी दाढी करत होतो, तर काका बाहेर पडताना दिसले. पांढरा शर्ट, हातात स्पंजची डबी. मी घाईने तोंड धुतलं, पिशवी घेतली, चप्पल घातली. तेवढ्यात शोभाताई त्यांच्या फाटकातून बाहेर आल्या आणि दोघं ऑटोत बसून गेले. मी पिशवी परत खुंटीला लावली.

सोमवारपासून खुर्ची पुन्हा बाहेर आहे, घड्याळही. नऊ पाचला मी निघतो तेव्हा काका घड्याळाकडे पाहतात आणि लिहितात. नमस्कार करतात, मीही करतो. दूधवाला सरळ झाला आहे. मालतीने सांगितलं, या वेळी रिमार्कचा रकाना रुंद आखलाय, आणि कुठेकुठे काका त्यात काही लिहितातही. माझ्या नोंदीपुढे काय लिहितात ते मी विचारलेलं नाही.

परवा पावर हाउसला गेलो होतो, लालाजींनी आपणहून सांगितलं. दोनशे पानं त्या बाईंनी मोजली. पहिल्या पानावर साक्षीदार म्हणून त्यांची सही. पैसे त्या देत होत्या, दादांनी देऊ दिले नाहीत. रजिस्टर आता महाग झालं आहे. पंच्याण्णव रुपये. दिले वानखेड्यांनी, घेतले लालाजींनी. मी हजर नव्हतो.